एका मांडीवरची दोघं

२४ नोव्हेंबर १९९१, रविवार

जेवण अर्धवट टाकून उठले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. जोहरानं लगेच वहिदाला पिटाळलं, "आई कू गोली दे." आई म्हणजे मी. पोरगी जोहराला अम्मी म्हणते आणि मला आई. छावणीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आज वहिदाची मंगनी होती. मुलगा फारूख — चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. हसरा, अदबीनं बोलणारा. मला आवडला. जेवायला बसलो तेव्हा त्याची अम्मी माझ्या शेजारी आली. माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही त्या बराकीच्या खोल्यांत राहायच्या ना? मधल्या खोलीत? मी शेवटच्या खोलीतली. उर्दू शाळेतली टीचर."

ओळखलं. लगेच ओळखलं. अगं बाई, तुम्ही होय, असं काहीतरी म्हटलं, हसले. आणि ताटावरून उठले.

त्या शेवटच्या खोलीतलं बाळ म्हणजे हा फारूख. त्या बाळाला मी दूध पाजलंय. आणि वहिदालाही.

२५ नोव्हेंबर

नीट लिहून काढते. डोक्यात ठेवलं की गुंता होतो.

सदुसष्ट साल. माझा भागवत नुकताच झालेला. छावणीत लष्करी बराकीसारख्या एका ओळीत तीन खोल्या. पहिलीत जोहरा, मधे आम्ही, शेवटी ते टीचरबाईंचं घर. जोहराला बाळंतपणात टायफॉईड झाला. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाजायचं नाही. वहिदा तर बाटली तोंडात धरेना. जोहराचा नवरा — आता तोही नाही बिचारा — आमच्या दारात येऊन मान खाली घालून उभा राहिला. मग मीच त्याच्या हातातून पोरगी ओढून घेतली. एका अंगाला भागवत, एका अंगाला वहिदा. जोहरा बरी होईपर्यंत तिला मीच पाजलं.

त्यांच्यात याचा मोठा मान. पाजणारी बाई आईच्या जागी. भागवत वहिदाचा भाऊ आहे तो तोंडदेखला नाही, त्यांच्या धर्मानं सख्ख्यासारखा. त्याच्यापुढं तिला पडदा नाही. त्याच्याशी तिचं लग्न कधी होऊ शकत नाही.

पुढं जोहरा लेकीला घेऊन माहेरी गेली, जालन्याला, तब्येत सुधरायला. त्याच दिवसांत टीचरबाईंची रजा संपली. त्या शाळेत गेल्या की त्यांची सासू रडणारं बाळ घेऊन माझ्याकडं. "रो रो के नीला हो रा. पिला दे बेटी." वहिदा गेल्यामुळं माझी छाती दुधानं ठणकत होती. उपकार मी त्याच्यावर केले की त्यानं माझ्यावर, कोण जाणे. म्हातारी म्हणायची, "उसकी माँ को नक्को बोल, बुरा मानती." मी नाही सांगितलं. मग ते लोक जिन्सीकडं राहायला गेले. म्हातारी कधीच गेली. म्हणजे ही गोष्ट जगात आता फक्त मला माहीत.

एकाच बाईचं दूध प्यालेली दोघं. त्यांच्या हिशेबी बहीणभाऊ. निकाह बावीस डिसेंबरला आहे.

आणि मी कोण? तर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवणारी बाई. देवाचं नाव न घेता माणसानं चांगलं कसं वागावं, हे पोरांना शिकवून पगार घेते.

२६ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. प्रश्न कुठलाही असो, पाणी कुठं अडतंय तेवढंच बघतात.

"रक्ताचं नातं आहे का?"

नाही.

"होणाऱ्या लेकरांना काही अपाय?"

नाही.

"मग प्रश्नच नाही. गप्प बस."

म्हटलं, अहो, त्यांची श्रद्धा आहे. तर म्हणे, "त्यांना माहीतच नाही तर श्रद्धा दुखावेल कशी? तू सांगितलंस तर दोन घरं रडतील. नाही सांगितलंस तर दोन घरं बिर्याणी खातील." आणि पेपर उघडला.

हाच मुद्दा मी वर्गात दरवर्षी शिकवते. ज्यानं जास्त माणसांचं भलं होतं ते बरोबर. चांगला मुद्दा आहे, मोठमोठ्या लोकांनी मांडलेला आहे. मग बनियनवर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकला की एवढा राग का येतो?

२८ नोव्हेंबर

तिसऱ्या वर्षाचा तास. सत्य आणि कर्तव्य. त्या जर्मन तत्त्ववेत्त्याचं मत सांगितलं — दारात खुनी उभा राहून तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलू नये. पोरं दरवर्षीसारखी खवळली. बरं वाटतं खवळली की.

मग आपलं दुखणं वेष बदलून वर्गात आणलं. म्हटलं, समजा एक माळकरी म्हातारी आहे. खानावळीत तिला चुकून मटणाच्या रश्श्यातली भाजी वाढली गेली. तिला काही कळलं नाही, आवडीनं खाल्ली. तीच भाजी तिला उद्याही वाढणार आहेत. तुम्हाला माहीत आहे. सांगाल का?

मुली म्हणाल्या सांगायचं. मुलं म्हणाली कशाला. मागून एक जण म्हणाला, "म्हातारीला आवडली ना मॅडम, मग वाढा की रोज." सगळा वर्ग हसला. मीही हसले. एकीनं विचारलं, हे परीक्षेला येईल का.

मग रामकिसन उठला. तो फारसा बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, देव मानणारा माणूस घाबरून तरी खरं बोलतो. जो मानतच नाही, त्याला कोण विचारणार आहे?"

म्हटलं, "त्याला तो स्वतः विचारतो." फळ्यावर लिहिलंसुद्धा. घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते. स्वयंपाकघरात शिरले आणि खुशी उतरली.

२९ नोव्हेंबर

आज यावर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

३० नोव्हेंबर

कन्नडहून माझी आई आली. एसटीत बसायला जागा मिळाली नाही, उभ्यानं आली, पण ती सांगते असं की जणू डोंगर उतरून चालत आली. पिशवीत शेंगा, ज्वारीचं पीठ आणि माझ्यासाठी एक शिवी — इतक्या दिवसांत आली नाहीस म्हणून.

शेंगा फोडता फोडता तिला सगळं सांगितलं. आईनं उभ्या जन्मात शाळा पाहिली नाही. एकादशी चुकवत नाही. मुसलमानांच्या धर्मातलं तिला काही ठाऊक असायचं कारण नाही.

ती म्हणाली, "मंग ती बहीणभाऊच की गं. एका मांडीवर पेलीत. त्यांचं लगीन कसं लावतेत?"

म्हटलं, आई, हे त्यांच्यात आहे. आपल्यात असं काही नाही.

"आपल्यात तुपल्यात काय? मांडी कोनाची व्हती? तुजीच ना? मंग? जा अन सांग."

मी सहा दिवस ज्याच्यावर डोकं आपटतेय ते हिनं शेंगेच्या टरफलासारखं बाजूला टाकलं.

१ डिसेंबर

आई पलटली. सकाळी चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "नगं सांगू."

काल तर जा म्हणत होतीस.

"काल म्या दुधाचा इचार केला. आज पोरीचा केला. तिचं येकदा मोडलंय न्हवं का? आता दुसऱ्यांदा मोडलं तर तिला कोन करील? देव काय रिकामा बसलाय व्हय, कोन कोनाला पेलं ते बघत?"

म्हटलं, म्हणजे तुझा देव तुझ्या सोयीनं बघतो आणि सोयीनं डोळे मिटतो.

"मंग काय करावं त्यानं? तुज्यासारकं पुस्तक वाचत बसावं?" वरून म्हणाली, चहात साखर कमी आहे.

एक खरं आहे. वहिदाचं पहिलं जमलेलं मोडलं ते तिच्या मनगटावरच्या पांढऱ्या डागापायी. कोड आहे. एवढासाच, बांगड्यांखाली झाकला जाणारा. त्या लोकांना नंतर कळलं आणि त्यांनी फसवलं म्हणून चारचौघांत बोंब मारली. वहिदानं नोकरी सोडली, महिनोन्‌महिने घराबाहेर पडली नाही. जोहरा वाळून गेली होती.

३ डिसेंबर

मधल्या सुट्टीत शफीक सरांना गाठलं. कॉलेजात अरबी-फारसी शिकवतात, रिटायर व्हायला आलेत, धर्माच्या बाबतीत शहरातले भले भले लोक त्यांना विचारायला येतात. डबा खात होते. म्हटलं, एक काल्पनिक प्रश्न आहे.

"काल्पनिक प्रश्न विचारायला कुणी डब्याच्या वेळी येत नाही," म्हणाले. तरी ऐकलं.

दोन लेकरं, एक पाजणारी. कितीदा पाजलं तर नातं लागतं? म्हणाले, जाणकारांत मतभेद आहेत. कुणी म्हणतं पाच वेळा तरी हवं, कुणी म्हणतं एक घोट पुरे. आपल्याकडं बहुतेक लोक दुसरं धरतात.

"पाजणारी हिंदू असली तर?"

घास थांबला त्यांचा. माझ्याकडं बघितलं. "बाई कुठल्या धर्माची, हे विचारत नाहीत."

"आणि ती एकटीच साक्षीदार असेल तर?"

"एकट्या बाईच्या शब्दावर काझी निकाह अडवेलच असं नाही. पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटलं, मनात शंका बसली, तर त्यानं पुढं जाऊ नये. शंका घेऊन निकाह करायचा नाही."

"आणि कुणालाच काही माहीत नसेल तर?"

"मग गुनाह कसला? न कळत घडलं त्याची पकड नाही."

म्हणजे आत्ता या घडीला कुणाच्या माथी पाप नाही. मी तोंड उघडलं की ते जन्माला येणार.

त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं शास्त्र काय म्हणतं?" म्हटलं, त्याच्यात तुमच्यापेक्षा जास्त मतभेद आहेत. ते हसले आणि अर्धी चपाती माझ्यापुढं सरकवली. खाल्ली. भूक लागली होती.

५ डिसेंबर

वहिदा येऊन गेली. लग्नाच्या दिवशी मी तिच्या जवळ बसायचं, ही तिची अट. "अम्मी रडत बसेल. मला हसवायला तुम्ही पाहिजेत." मग बाही वर करून मनगट दाखवलं. डाग जरा वाढलाय.

"फारूखला मी आधीच दाखवला आई. कुणालाच न सांगता, मीच दाखवला. म्हटलं, बघून घ्या, नंतर फसवलं म्हणू नका. तर त्यानं त्याचा हात पुढं केला. मशीननं भाजल्याचा डाग आहे त्याच्या हातावर, चांगला वीतभर. म्हणाला, माझा मोठा आहे."

सांगताना हसत होती. किती दिवसांनी अशी हसली! मी तिच्या केसांना तेल लावून दिलं. तोंड दुसरीकडं होतं तिचं, बरं झालं.

६ डिसेंबर

सगळे आपापलं सांगून मोकळे झाले. हे म्हणतात परिणाम बघ. आई म्हणते पोर बघ. शफीक सर म्हणतात, न कळता गुनाह नाही. गंमत आहे — धर्म मला सवलत देतोय आणि माझं तत्त्वज्ञान द्यायला तयार नाही. मी मात्र वर्गात पोरांना उलटंच सांगत आले, की धर्म कडक आणि विचार उदार.

माझं म्हणणं काय? हा दूधभावाचा नियम मी मानत नाही. पण जोहरा मानते. पाच वेळा नमाज पढते, रमजानचा एक रोजा चुकू देत नाही. तिला विचारलं असतं की, बाई, तुझ्या लेकीच्या निकाहात असं काही निघालं तर तुला कळायला हवं का? तर ती काय म्हणाली असती? "हौ" म्हणाली असती. मग तिचं भलं कशात आहे हे मी ठरवणारी कोण? तिला अंधारात ठेवून सुखी ठेवायचं, म्हणजे ती लहान पोर आणि मी मोठी शहाणी. मैत्रीत असं करत नाहीत. माणूस मानायचं तर त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यायचा.

हे सगळं पटतं. तरी एक शंका आहे, ती लिहून ठेवते. मला खरंच जोहराची एवढी कदर आहे, की एकटीला हे पेलवत नाही म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचंय?

रविवारी जाणार.

८ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

जोहरा पलंगावर बसून वहिदाच्या ओढणीला जरीचा गोटा लावत होती. वहिदा बाजारात गेलेली. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं, म्हातारी, टीचरबाईंची शाळा, बाळाला पाजलेल्या त्या दुपारी. सुई तिच्या बोटांत तशीच होती.

"कितनी बार?" तिनं विचारलं.

पुष्कळदा, म्हटलं.

"पेट भरके?"

हो.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग म्हणाली, "मेरेकू कायकू बोली?"

तयारी होती माझी. म्हटलं, "कारण तुला कळायला हवं असं तुलाच वाटलं असतं."

"मला नसतं वाटलं," जोहरा म्हणाली. मराठीत, अगदी हळू. ती रागावली की मराठीत बोलते.

माझं सगळं शास्त्र त्या एका वाक्यावर उभं होतं.

निघताना तिनं दारात माझा हात धरला. "लई वर्षं झाली. आपण तेव्हा पोरी होतो. नीट आठव एकदा. नीट आठव, मनकर्णा." पूर्ण नावानं तिनं मला कधी हाक मारलेली नाही.

९ डिसेंबर

मला सगळं लख्ख आठवतं. त्याच्या कानामागं काजळाची तीट असायची, तीसुद्धा.

दुपारी वहिदा कॉलेजात आली. स्टाफरूमच्या बाहेर उभी होती, डोळे सुजलेले. म्हणाली, अम्मी कालपासून जेवली नाही. नमाजाची जानमाज अंथरून नुसती तिच्यावर बसून आहे. शिंप्याकडं टाकलेले कपडे शिवू नका म्हणून निरोप पाठवला. शुक्रवारी जिन्सीला फारूखच्या अम्मीला भेटायला जाणार म्हणते, कशाला ते सांगत नाही.

"काल तुम्ही आला होतात. तुमचं काही भांडण झालं का?"

नाही म्हटलं.

"मग काय झालं आई? या वेळी माझं काय चुकलं? या वेळी तर मी आधीच हात दाखवला होता."

तिला जवळ घेतलं. पोरं जाता-येता बघत होती, बघू दे. तिला सगळं सांगावं असं तोंडावर आलं होतं. ठरवलेलं होतंच ना, की ज्याचा निर्णय त्यानं घ्यावा? आणि हा तर खरा तिचाच निर्णय. नाही सांगितलं. हिंमतच झाली नाही.

पुढचा तास घेतला. काय शिकवलं आठवत नाही.

१० डिसेंबर

सकाळी हे ऑफिसला गेल्यावर जोहरा आली. रिक्षानं आली, एकटी. दोन दिवसांत चेहरा उतरलेला. पाणी दिलं, प्याली नाही.

"आठवलं?"

"आठवलं," मी म्हटलं. "चुकलं माझं जोहरा. तो फारूख नव्हता. त्या म्हातारीच्या लेकीचं लेकरू होतं, ती लेक तेव्हा माहेरी आलेली. म्हातारी त्यालाच घेऊन यायची. फारूख तर त्याच्या आईबरोबर शाळेत जायचा, शाळेतली आया सांभाळायची त्याला. माझ्या डोक्यात दोन्ही लेकरांची गल्लत झाली."

एवढं सगळं सलग बोलले. कुठं अडखळले नाही. वर्गात एवढं सलग बोलता येत नाही मला.

जोहरा माझ्याकडं बघत होती. मी तिच्या नजरेला नजर दिली. आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही. पण असं ठरवून, माणसाच्या तोंडाकडं बघून, हे पहिलंच.

"कसम खा," ती म्हणाली.

"कशाची? मी मानत नाही, तुला माहीत आहे."

"तेच ना. अल्लाहची खाऊ नको. तुमच्या देवाचीही नको, तुला त्याचं काय? भागवतची खा."

"जोहरा."

"आमच्यात अल्लाहशिवाय कशाची खायची नसते. पण तुझ्याकडं दुसरं काय आहे? भागवतच्या जिवाची खा, की तो फारूख नव्हता. मग मी शुक्रवारी जात नाही. मग माझ्या मनात काही राहत नाही."

भागवतला तिनं अंगाखांद्यावर खेळवलंय. त्याला गोवर झाला तेव्हा माझ्याइतकीच ती जागली होती. तिला हे मागणं सोपं गेलं नसणार.

मी विचार केला, लवकर केला. शपथ म्हणजे काय? जोर लावून बोललेलं वाक्य. कुणी वर बसून ऐकत नाही. भागवत पुण्यात, त्याच्या कारखान्यात, त्याला त्यानं काय होणार? खोटं तर बोलून झालंच होतं, त्यावर हे आणखी एक वाक्य. देवाला भिणारी बाई हे करू शकली नसती. जोहरा करू शकली नसती. मी करू शकत होते. माझ्या न मानण्याचा आजवर कुणाला उपयोग झाला नव्हता, आज होणार होता.

घेतली. भागवतचं नाव घेऊन घेतली.

जोहरा पदरात तोंड घालून रडली. मग पाणी प्याली. मग चहा टाकू का म्हटलं तर म्हणाली, "साखर ज्यादा डाल, दोन दिन से कुछ नहीं खाया." चपातीबरोबर चहा घेतला तिनं. जाताना शिंप्याकडं जायला रिक्षा केली, निघताना माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले.

तिला खरं वाटलं का? वाटलं असेल. की तिला कळलं, आणि तरी तिनं माझ्याकडून वदवून घेतलं, म्हणजे हिशोब माझ्या खात्यावर? तेही असेल. मी तिला कधी विचारणार नाही.

संध्याकाळी मेथी निवडली, ह्यांच्याशी दोन शब्द हसून बोलले. खरं सांगते, हलकं वाटतंय. निकाह होणार. वहिदाजवळ मी बसणार.

११ डिसेंबर

कॉलेजला जाताना औरंगपुऱ्यात रिक्षा थांबवली. एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. घरमालकांनी भागवतला खाली बोलावलं. "काय झालं आई?" काही नाही म्हटलं. बरा आहेस ना? गाडी हळू चालवत जा. "एवढ्यासाठी फोन केलास?" म्हणून हसला.

तास घेतला. दुपारी परत फोन लावला.